एक तिरसट टाक

बॉलपेन कुणीही मागून नेतं. "जरा पेन बघू" म्हणत ते गावभर फिरतं आणि बहुतेक वेळा परत येत नाही. टाकाला हा गावगाडा मान्य नाही. पाहुण्याने त्याला उचलून झोकात सही करायला घेतली, की सहीची शेपटी वर जाताजाता तो शिंकतो. निबची दोन टोकं कागदाच्या धाग्यांत अडकतात आणि सुटताना शाईचा शिंतोडा सदऱ्यावर. खाली ओढा, तो चालतो. आडवा न्या, कुरकुरत का होईना, चालतो. वर ढकलायचं नाही. एवढी एकच अट आहे, पण ती त्याने कुणासाठी सैल केलेली नाही.

दिसायला अगदी साधा. लाकडी दांडी, बोटं बसतात तिथला रंग उडालेला. पुढे पत्र्याची खोबण, खोबणीत पोलादी निब. निबला मधोमध एक भोक, भोकापासून टोकापर्यंत एक चीर. शाई त्या चिरेतून आपल्याआप टोकाशी येते. दाबलं की चीर फाकते आणि रेषा जाड होते, हात हलका केला की केसाएवढी. सगळं यंत्र एवढंच, त्यामुळे बिघडायला फारसं काही नाही आणि लपवायलाही काही नाही. हात कापला, दम लागला, लक्ष उडालं, तो सगळं कागदावर सांगून टाकतो. चारचौघांत न्यावं असा स्वभाव नव्हे.

दौतीशी मात्र त्याचं जमतं. ड्रॉइंगची पाण्याने न पुसणारी काळी शाई म्हणजे काजळीचे कण आणि त्यांना धरून ठेवणारी लाख. फाउंटन पेनला ही शाई पाजली तर लाख आत वाळते आणि त्याचा गळा कायमचा बसतो. टाक रोज पितो, रोज तोंड धुतो आणि कोरडा होऊन बसतो. मराठी घरांत ही शाई आली ती बहुतेक दांडेकरांच्या कॅम्लिनमधून. १९३१ साली दोघा दांडेकर बंधूंनी घोडाछाप शाईपासून सुरुवात केली आणि पुढे चित्रकलेच्या तासाला उंटाची ओळख झाली. घोडा, उंट आणि लाखेचा किडा. झाकण उघडायच्या आधीच दौतीत तीन प्राणी आहेत, हे टाकाच्या पथ्यावर पडतं. कारण त्याला प्राणीच लागतात. तेही नसलेले.

रोज सकाळी चहा उकळेपर्यंत एक प्राणी, असा त्याचा रतीब आहे. खाली पेन्सिल नाही, शेजारी रबर नाही. या सवयीचं श्रेय लोक मला देतात. मी ते घेतो, पण खरं श्रेय गंजाचं आहे. आमचं घर पन्हाळगडावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांवर. जूनमध्ये एकदा धुकं गडाच्या सज्जाकोठीवर चढलं की गणपतीपर्यंत ते घरात मुक्कामालाच असतं. पोलादाची निब अशा हवेत चार दिवस बसून राहिली की तिच्यावर तांबूस पूड धरते, चिरेत वाळलेली लाख बसते आणि पाचव्या दिवशी तिच्यातून काही उतरत नाही. रोज वापरलेली, रोज पुसलेली निब टिकते. शिस्त गंजाची आहे. मी फक्त हात पुरवतो.

पण प्राणी नसलेलेच का? पन्हाळ्यावर काढायला काय कमी आहे? इथल्या इमारतींवरून परीक्षा देता येईल. बाराव्या शतकाच्या शेवटाला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने गड बांधला. सात किलोमीटरहून लांब तटबंदी, अंबरखान्यातली गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं, तीन मजली अंधारबाव. सगळं जागच्या जागी उभं आहे आणि तिथेच टाकाची अडचण होते. अंधारबावीची एक कमान कागदावर तिरकी गेली, की मागून जाणारा शाळकरी पोरगाही थांबतो आणि चूक दाखवतो. इथला प्रत्येक माणूस त्या दगडांचा मालक आहे आणि २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांमध्ये पन्हाळ्याचं नाव लागल्यापासून तर तो मालक जरा जास्तच जागरूक झाला आहे. खोडता न येणाऱ्या हत्याराने अशा पंचांसमोर रोज उभं राहायचं, तर आठवडाभरात दौत बंद होते.

नसलेल्या प्राण्याला असा मालक नसतो. ठिपका चुकून पडला तर तो डोळा. ओघळ आला तर शेपूट. हात घसरला तर पाचवा पाय, आणि पाचवा पाय आला की सहावाही काढावाच लागतो, नाहीतर ते बिचारं लंगडेल. टाकाला क्षमा करता येत नाही, कागदाला विसरता येत नाही. त्या दोघांमध्ये उभा राहून डाग अंगावर घेणारा कुणीतरी लागतो. तो हा प्राणी.

या बाबतीत टाकाची कुळी थोर आहे. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला एक गेंडा १५१५ साली गोव्याहून जहाजात चढवला गेला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. त्याचं वर्णन आणि कुणीतरी केलेलं कच्चं रेखाटन न्यूरेम्बर्गला चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररच्या हाती पडलं. ड्यूररने गेंडा कधीच पाहिला नव्हता. त्याने लेखणी आणि शाई घेतली, जनावराच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे चढवले, मानेमागे एक जास्तीचं छोटं शिंग बसवलं आणि वर त्यावरून लाकडी ठसा कोरून छापलाही. पुढे पिढ्यान् पिढ्या युरोप तोच गेंडा खरा मानत राहिला. खरा गेंडा मात्र पोपकडे नजराणा म्हणून जाताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. हे सांगितल्यावर टाक काही बोलत नाही, पण दांडी जरा ताठ होते, असा माझा समज आहे.

आपल्याकडचे पाथरवट तर याहून धीट. मुरुड-जंजिऱ्याच्या दरवाज्यात एक सिंहासारखं जनावर कोरलं आहे. चार पंजांत चार हत्ती, शेपटीत एक. रायगडावरही त्याचे भाऊबंद आहेत. हा शरभ. पुराणांत तो आठ पायांचा आहे. नरसिंहाला आवरायला शंकराने तो अवतार घेतला, अशी शैवांची कथा. वैष्णवांनी ती ऐकून घेतली नाही. त्यांच्या कथेत नरसिंह उलट दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी होऊन शरभावर चालून जातो. दोन पंथांचं भांडण आणि शस्त्रं म्हणून नसलेले प्राणी, ही कल्पना मला तलवारींपेक्षा पुष्कळ बरी वाटते. गडांवरच्या शरभाला मात्र पाय चारच. आठ पाय दरवाज्याच्या दगडात मावले नसतील, की पाथरवटाने आपल्या गोठ्यातली जनावरं बघून चारच ठेवले? मला दुसरं कारण जास्त पटतं. पन्हाळ्याच्या तीन दरवाजाच्या आतल्या चौकटीवर गणपती आहे, तोही मराठ्यांनी नंतर बसवलेला. माणसाचं धड, हत्तीचं तोंड, बसायला उंदीर. रोज हात जोडणाऱ्यांपैकी कुणालाही त्यात काही जमत नाही असं वाटत नाही, कारण सोंडेचं वळण खऱ्या हत्तीचं आहे.

टाकाने मला शिकवलेली सगळ्यात कडक गोष्ट हीच. नसलेला प्राणी काढायला असलेले प्राणी नीट बघावे लागतात. नुसत्या कल्पनेतून आलेले राक्षस पहिल्या महिन्यात संपतात. सगळ्यांना तेच सुळे, तीच बटाट्यासारखी नाकं. मग दार उघडून बाहेर जावं लागतं. इकडच्या रानात गवा आहे. त्याच्या चारही पायांना गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे असतात. हे मोजे सोडून बाकी सगळं टाकाने एकदा धनेश पक्ष्याला दिलं आणि तो धनेश उडेल असं कुणालाही वाटलं नाही. मोजे घातल्यावर मात्र तो शोभला. सरड्याची मान, कोंबड्याच्या पायावरचे खवले, सोमेश्वर तळ्याच्या काठावर पाय पोटाशी घेऊन बसलेल्या म्हशीचा खांदा, अशी उसनवारी रोज चालते.

या कामात त्याला एक परीक्षक मात्र चालते. तबक उद्यानाजवळ झुणका-भाकरी विकणाऱ्या मावशी. त्यांनी एकदा वही बघितली. पानावर म्हशीच्या तोंडाचं, पंखांचं काहीतरी होतं.

"काय ओ काका, ही म्हस हाय का पाखरू?"

"दोन्ही, मावशी."

"मग दूध देती का अंडं?"

उत्तर नव्हतं. मावशींनी भाकरी उलटली आणि पुढचं विचारलं, "आन् बसती कुठं? झाडावर? फांदी मोडंल की."

चित्रकलेवरच्या जाड पुस्तकांत जे मोठमोठ्या शब्दांत सांगितलेलं असतं, ते इथे तव्यावरची भाकरी फुगायच्या आत सांगून झालं. प्राणी काय खातो, कुठे झोपतो, पोटाखाली कास आहे की नाही, हे ठरल्याशिवाय त्याचं वजन कागदावर उतरत नाही. दुसऱ्या दिवशी टाकाने त्याच म्हशीला कास दिली, पंख आखूड केले आणि तिला झाडावरून उतरवून बुरुजावर बसवलं. मावशींनी पान बघून "आता दूध काढाय येतंय" एवढंच म्हटलं. त्याहून चांगलं परीक्षण या वहीला मिळालेलं नाही.

रोजच्या या रतिबाला बाहेरच्या जगातही सोबत आहे. जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने २००९ साली ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र काढायचा नेम केला, त्याला इंकटोबर नाव दिलं आणि आता जगभरची पोरं ऑक्टोबर आला की दौती उघडतात. चांगलंच आहे. पण टाकाला पाव्हण्यांचा महिना फारसा रुचत नाही. नोव्हेंबरच्या गंजाचं काय, असा त्याचा प्रश्न असतो. नेम म्हणजे काय ते याच गडाने आधी पाहिलं आहे. कवी मोरोपंत इथे १७२९ साली जन्मले आणि पुढे बारामतीला गेले. त्यांच्या नावावर १०८ रामायणं आहेत. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे प-फ-ब-भ-म टाळून, ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं. रामायणात राम म्हणायचा नाही! या अटीत जो रमतो त्याला रोज नवी कथा सुचावी लागत नाही, अट पुरते. टाकाच्या वर न ढकलण्याच्या अटीचंही तसंच. पिसारा काढायचा तर प्रत्येक पीस टोकाकडून अंगाकडे ओढावं लागतं, आणि असं ओढलेलं पीस जरा जडच उतरतं. आमच्या वहीतले पक्षी त्यामुळे एकजात भिजलेले दिसतात. पन्हाळ्याचे आहेत म्हटल्यावर खपून जातात.

पावसाळा ही टाकाची खरी कसोटी. कागदाला घाम सुटतो आणि रेषा पडताक्षणी कडेने पसरू लागते. केसाएवढी ओढावी तर दोरीएवढी दिसते. बारीक आडव्या-उभ्या रेषांनी सावली भरायची सोय राहत नाही, चौकट चौकट मिळून काळा डबरा होतो. तेव्हा तो ठिपक्यांवर येतो. श्रावणात आमचे सगळे प्राणी ठिपक्यांचे असतात, पुरळ उठल्यासारखे. पान वाळायला वही चुलीपाशी उभी करून ठेवावी लागते आणि तोवर ती मिटता येत नाही. घरातल्यांचा टाकावर राग आहे तो या उघड्या वहीमुळे. आल्यागेल्याला पहिलं दर्शन कशाचं, तर तीन डोळ्यांच्या बेडकाचं. लोक म्हणतात हा गड पूर्वी नागांचा होता आणि पराशर ऋषींची गुहा अजून दाखवतात, तेव्हा बेडूक नागाला घाबरून इथे लपलाय असं सांगून वेळ मारून न्यावी लागते. पोरं विश्वास ठेवतात. मोठी माणसं चहा घेतात.

निब मरते. झिजून तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा आखूड होतं, मग कागद खरवडते, शाईबरोबर कागदाचा लगदा ओढते. तेव्हा ती काढून नवी बसवायची. दांडी तीच. टाक तोच राहिला की दुसरा झाला, यावर वाद घालणारे घालोत. स्वभाव मात्र दर वेळी पहिल्यापासून घडवावा लागतो, एवढं नक्की. कारखान्यातून येताना निबवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो. त्या तेलावर शाई ठरत नाही, थेंब गोळा होऊन एकदम खाली पडतो. जिभेला लावून पुसा, नाहीतर काडीच्या ज्योतीवरून क्षणभर फिरवा, तेव्हा ती शाई धरते.

गेल्या आठवड्यात नवी बसवली. ताठ आहे, दाबली तरी फाकत नाही, वळणावर अडून बसते. म्हशीचा खांदा तिला झेपत नाही, सोंडेचं तर नावच नको. सध्या तिच्याकडून सरळ पायांचे, चौकोनी पाठीचे, खुर्चीच्या जातीचे प्राणी निघतायत. मावशींनी कालचा बघितला आणि त्यावर बसून भाकऱ्या थापता येतील का, असं विचारलं. येतील, असं सांगितलंय. पाठ जरा रुंद करायची आहे.