काचेतलं बाळ

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला आमच्याकडचे नातेवाईक ‘एनआयसीयू’ म्हणत नाहीत. ‘बाळ काचेत ठेवलंय’ असं म्हणतात. मी नोकरीला लागले तेव्हा आईने सकाळ-संध्याकाळ दारातून बघायचं, वाटीत दूध काढून द्यायचं आणि निघायचं, अशी शिस्त होती. कारण सांगितलं जायचं जंतुसंसर्गाचं. इंटर्न, टेक्निशियन, एक्स-रेवाले मामा यांची ये-जा मात्र दिवसभर असायची. अडायची ती फक्त आई.

नर्सिंगला आम्ही सलाईन, नळीने दूध, तापमान सगळं शिकलो होतो. बाळाकडे नुसतं बघायला शिकवलं ते आमच्या इन्चार्ज सिस्टरनी. ‘हात लावायच्या आधी दोन मिनिटं बघ,’ म्हणायच्या. नऊशे ग्रॅमचं बाळ असतं, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसतात. त्याला सहन होईनासं झालं की आधी हाताची बोटं फाकतात, हात ताठ पुढे येतो, कपाळाला आठ्या पडतात. उचकी लागते, नाहीतर लागोपाठ जांभया येतात. अंगाचा रंग चट्ट्याचट्ट्यांचा होतो. ऑक्सिजन उतरतो तो बऱ्याचदा यानंतर. मॉनिटर मागाहून ओरडतो. बॉस्टनच्या हायडेलीझ आल्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980च्या दशकात याच खुणांवरून कमी दिवसांच्या बाळांच्या शुश्रूषेची पद्धत बसवली, हे मला पुष्कळ उशिरा एका प्रशिक्षणात कळलं.

त्यासाठी महागडं काही लागत नाही. दुपट्याची गुंडाळी करून बाळाभोवती गोल कडं करायचं, म्हणजे पाय टेकायला काहीतरी मिळतं आणि हातपाय पोटाशी येतात. काचेच्या पेटीवर जाड कापड टाकायचं. आवाज मात्र कसोटी बघतो. तो 45 डेसिबलच्या आत हवा असं शास्त्र सांगतं. आमच्याकडे पेटीवर स्टीलचा ट्रे ठेवायची सवय. आतल्या बाळाला तो डोक्यात आदळल्यासारखा ऐकू जातो. ट्रेवरून मी मावशींशी जितकी भांडले असेन तितकी घरी कुणाशी भांडले नसेन.

दुसरं भांडण डॉक्टरांशी. दर तासाला कुणीतरी येऊन टोचतो, कुणी तपासतो, कुणी बाळाला उलटं करतो. ‘सर, तीन वाजता दुधासाठी उठवणारच आहे, रक्त तेव्हाच घ्या,’ असं म्हटलं की नवीन रेसिडेंटांना ते उद्धटपणाचं वाटतं. टाचेला टोचताना मी एक हात डोक्यावर, एक पायांशी ठेवून बाळाला आवळून धरते आणि आधी जिभेवर आईच्या दुधाचे थेंब सोडते. नवजात बाळाला वेदना कळत नाहीत, असं पूर्वी डॉक्टरही मानत. कित्येक ठिकाणी अपुऱ्या भुलीवर शस्त्रक्रिया होत. हा समज मोडून काढण्यात आपल्या इंदूरला शिकलेल्या डॉ. के. जे. एस. आनंद यांच्या 1987च्या संशोधनाचा मोठा हात आहे.

पण सगळ्यात मोठा बदल झाला तो आई आत आल्यावर. कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या, म्हणून 1978 साली डॉ. एडगर रे यांनी बाळं आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. ती कांगारू पद्धत आमच्या वॉर्डात आली तेव्हा आज्यांनी विरोध केला. ‘एवढंसं लेकरू उघडं? गार होईल की, सिस्टर!’ एकीने तर सुनेचा हातच धरून ठेवला. मी बोलत बसले नाही. तिच्यासमोर थर्मामीटर लावला, 36.1. बाळाला टोपडं-मोजे घालून आईच्या छातीवर ठेवलं, वरून तिचीच साडी गुंडाळली. तासाभराने पुन्हा लावला, 36.8. आजी आकड्याकडे बघत राहिली. चार दिवसांनी सुनेला ताप भरला तेव्हा म्हणाली, ‘मग मी बसते.’ मी म्हटलं, ‘आजी, बसा, पण मशेरी बंद.’ तिने डबी मुलाकडे दिली, कोपरापर्यंत हात धुतले, चोळीची बटणं सोडली आणि बसली.

भारतासह पाच देशांत झालेला अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. जन्मल्यावर लगेच कांगारू सुरू केलं, तर 1 ते 1.8 किलोच्या बाळांतले मृत्यू पाव हिश्शाने कमी होतात, असं त्यात दिसलं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 8 ते 24 तास कांगारू द्यावं, असं सांगितलं.

आता सिझर झालेल्या बाईने ओल्या टाक्यांवर आठ तास कशावर बसायचं? आम्ही मागे कलणाऱ्या खुर्च्यांची मागणी पाठवली. व्हेंटिलेटरची फाइल फिरते तरी. खुर्च्यांवर शेरा आला, ‘कोणासाठी?’ ‘पेशंटच्या आईसाठी’ असं लिहून परत पाठवलंय. तोवर देणगीतून मिळालेल्या दोन खुर्च्यांवर सहा जणी पाळी लावून बसतात, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला बाळांच्या दुधाच्या वेळांबरोबर ती पाळीही सांभाळावी लागते.