फासा पडण्याआधी आणि पडल्यानंतर

पटाशेजारी फासा दिसला की आपल्याकडे त्या खेळावर नशिबाचा शिक्का बसतो. बुद्धिबळाला मान मिळतो, फाशाकडे संशयाने पाहिलं जातं. द्यूतसभेची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या समाजात ते साहजिकही आहे. राक्षसी फौजांच्या लढायांचा ‘टायटन’ हा खेळ तळोज्यात सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांबरोबर खेळताना मात्र माझं मत उलट बाजूने पक्कं होत गेलं. नीट रचलेल्या खेळात फाशामुळे विचाराचं काम वाढतं. जेसन मॅकॲलिस्टर आणि डेव्हिड ट्रॅम्पियर या दोघांनी रचलेला हा खेळ 1980 साली आला आणि 1982 पासून ‘ॲव्हलॉन हिल’ने तो छापला. प्रत्येकाकडे सुरुवातीला आठ सोंगट्या असतात: एक टायटन, एक देवदूत, दोन सेंटॉर, दोन गार्गॉइल आणि दोन ओगर. टायटन मेला की तो खेळाडू बाद.

फासा एका पाळीत एकदाच पडतो आणि तो आकडा तुमच्या सगळ्या तुकड्यांना, म्हणजे सोंगट्यांच्या गटांना, लागू होतो. तुकडी फोडायची की एकत्र ठेवायची, हे त्याआधीच ठरवावं लागतं. कोणती हलवायची आणि कोणती जागीच ठेवायची, हे त्यानंतर. म्हणजे फाशाच्या दोन्ही बाजूंना निर्णय उभे आहेत. मैदानात दोन सेंटॉर पोचले तर सिंह भरती होतो, डोंगरात दोन सिंहांवर मिनोटॉर मिळतो, दोन मिनोटॉरांवर ड्रॅगन. जाणता खेळाडू तुकड्या अशा पेरून ठेवतो की एक पडो वा सहा, कुठे ना कुठे भरती होतेच. ज्याने सगळा डाव एकाच आकड्यावर लावला, त्याची तक्रार फाशाकडे नको.

लढाईत तर हिशेब आणखी स्पष्ट दिसतो. ओगरचं बळ 6, कौशल्य 2. सेंटॉरचं बळ 3, कौशल्य 4. बळाइतके फासे टाकायचे आणि कौशल्यातल्या फरकावरून किती आकडा लागेल ते ठरतं. ओगर सेंटॉरवर सहा फासे टाकतो, पण प्रत्येकावर 6च हवा, म्हणून सरासरी एक घाव बसतो. सेंटॉर तीनच फासे टाकतो, पण 2 किंवा त्याहून जास्त काहीही चालतं, म्हणून सरासरी अडीच घाव. ओगर सहा घावांनी पडतो, सेंटॉर तीन घावांनी. तरीही समोरासमोर बरोबरीने वार झाले तर पारडं सेंटॉरकडे झुकतं. आणि मारल्याचे गुण म्हणजे बळ गुणिले कौशल्य, म्हणजे दोघांचेही बाराच! गार्गॉइलचं बळ 4 आणि कौशल्य 3, म्हणजे त्याचेही बारा. इतकी काटेकोर मांडणी मला फार थोड्या खेळांत दिसली आहे.

कुणी म्हणेल, सरासरी कागदावर ठीक, ऐन लढाईत फासे फिरले तर काय? फिरतात. पण पत्त्यांची पानंही फिरतातच की, आणि ब्रिज खेळणाऱ्याला आपण नशिबाचा पाईक म्हणत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 पानं असतात. वाटप दैवाधीन, पण कोणती पानं पडून गेली हे लक्षात ठेवणारा पुढे जातो. ‘टायटन’मध्येही तुकडी झाकलेली असते. भरतीच्या वेळी जेवढ्या सोंगट्या दाखवाव्या लागतात तेवढ्याच दिसतात, लढाई झाली तर सगळ्या. त्यावरून समोरच्याचा टायटन कुठे लपला आहे, हे ताडायचं. या खेळातले हायड्रा, मिनोटॉरसारखे राक्षस आपले नाहीत, या आक्षेपालाही गंजिफाच उत्तर देतो: आठ रंगांचा, 96 पानांचा मुघल गंजिफा इथे आला आणि त्याच खेळाच्या पानांवर दशावतार चितारले गेले.

वेळेचा आक्षेप मी जास्त गांभीर्याने घेतो. सहाजण बसले तर दिवस जातो, आणि लवकर बाद झालेल्याला ताटकळत बसावं लागतं. आठवडाभर कामासाठी बाहेर धावणाऱ्या तळोजेकराचा रविवार असा मागून घेणं सोपं नाही. नोव्हेंबर 2023पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली, प्रवास सुसह्य झाला, पण सुट्टी एकच राहिली. शेवटी एकच जण उरावा, ही या खेळाची अट आहे. ती काढली तर टायटनला जपण्यात काही अर्थच राहणार नाही. म्हणून उपाय नियम बदलण्यात नाही, माणसं कमी ठेवण्यात आहे. तिघांचा डाव मला सर्वात चांगला वाटतो: दोघे भिडले की तिसऱ्याला मोकळं रान मिळतं, म्हणून कुणी उगाच भिडत नाही, आणि एक बाद झाला तरी उरलेल्या दोघांचा निकाल बहुधा लवकर लागतो. शिवाय ‘कोलोसस’ नावाची याच खेळाची संगणकावरची मुक्त आवृत्ती आहे. नियम तिथे गिरवून आलेला माणूस पटावर बसला, तर समजावण्यात जाणारा वेळ पुष्कळ वाचतो.