मुंबईच्या गोदीत थांबलेलं जहाज

फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनची गाडी पकडली, तरी मन आदल्या दिवशीच्या सेव्हन्थ स्ट्रीटवरच होतं. अमेरिकेची पहिली टाकसाळ १७९२ साली तिथे उभी राहिली. ती इमारत आता नाही. पण १५ ऑक्टोबर १७९४ रोजी तिथूनच चांदीचे पहिले १,७५८ डॉलर बाहेर पडले. त्या साली तेवढेच. एवढं मोठं नाणं पाडायला यंत्र अपुरं पडलं, म्हणून डाव्या कडेचे तारे पुसट उठले. नवखा म्हणतो, नाणं झिजलंय. जाणता भिंग लावून चांदीची मूळ झळाळी शोधतो. काहींवर कानशीचे ओरखडे दिसतात. तेही नंतरचे नाहीत: वजन जास्त भरलं की छाप मारण्याआधीच चकती घासून काढत. असा एक उत्तम राखलेला डॉलर २०१३ साली एक कोटी डॉलरच्या वर विकला गेला.

वॉशिंग्टनला उतरून थेट स्मिथसोनियनचं अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय गाठलं. मला १८०४ चा डॉलर पाहायचा होता. जगात असे मोजकेच आहेत, आणि त्यांतला एकही १८०४ साली पाडलेला नाही! सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान यांना भेट द्यायला १८३४ मध्ये नाण्यांचे संच करायचे ठरले, तेव्हा हा जुना आकडा साच्यावर आला. काचेपलीकडचं नाणं मी किती वेळ पाहत होतो, कोण जाणे. व्यवहारात कधी फिरलंच नाही, म्हणून स्वातंत्र्यदेवीच्या केसांची बट न् बट जागेवर.

या भेटी घेऊन निघालेलं ‘पीकॉक’ जहाज १८३५ मध्ये मसिरा बेटाजवळ प्रवाळात रुतलं. काही तोफा समुद्रात टाकून ते सोडवावं लागलं. मस्कत करून ऑक्टोबरात ते दुरुस्तीला आलं, ते आपल्या मुंबईच्या गोदीत. सयामच्या राजाचा संच तेव्हा अजून वाटेतच होता. तो पुढच्या वर्षी पोचला. मी मुंबईचा, आणि ही गोष्ट मला तिथे, सातासमुद्रापार उभं राहिल्यावर खऱ्या अर्थाने भिडली.

तिथेच आठवला आमच्या देवघरातला राणीछाप रुपया. दर लक्ष्मीपूजनाला आई तो रांगोळीने लख्ख घासायची. राणीचा चेहरा आता गुळगुळीत झालाय. आईच्या श्रद्धेला मी काय नावं ठेवणार? पण चांदीवर काळाने चढलेली निळसर-करडी झाक म्हणजे मळ नव्हे. एकदा घासून काढली की ती पुन्हा तशी येत नाही, आणि नाण्याची किंमतही तिच्याबरोबर जाते. तुमच्या घरी असा रुपया असेल, तर येत्या दिवाळीत त्याला हळदकुंकू जरूर वाहा, पण घासू मात्र नका.