कोन्निचिवा, अजिंठा!

अजिंठ्याला गेलात तर लेणी बघाच, पण तिथल्या विक्रेत्यांचं बोलणंही ऐका! वाघूर नदी जिथं घोड्याच्या नालेसारखी वळते, तिथल्या कड्यात ही ३० लेणी कोरलेली आहेत. सर्वांत जुनी सुमारे २००० वर्षांपूर्वीची. बौद्ध लेणी असल्यानं जपानहूनही पर्यटक येतात.

वाहनतळाजवळ रंगीत दगड विकणारे एक काका एका जपानी आजींशी चक्क जपानीत बोलत होते. "कोन्निचिवा!" म्हणजे नमस्कार. "यासुई!" म्हणजे स्वस्त. माझी सातवीतली भाची बघतच राहिली. पहिलीपासून इंग्रजी शिकूनही परक्या माणसासमोर ती तोंड उघडत नाही.

"काका, जपानी कुठं शिकलात?"

"इथंच की, पोरी! गिऱ्हाईक बोलतं, ते आपण म्हणायचं."

"आणि चुकलं तर?"

"चुकतंच! मग ते हसतात नि बरोबर शब्द सांगतात. गप्प बसलो असतो, तर कुणी सांगितला असता?"

पुढं २६व्या लेण्यात, महापरिनिर्वाणातल्या बुद्धांच्या सुमारे ७ मीटर लांब मूर्तीसमोर, त्याच आजी भेटल्या. भाचीनं माझा हात घट्ट धरला. मग एकदाची पुटपुटली, "कोनिचवा."

आजींनी हळूच दुरुस्त केलं, "कोन्-नि-चि-वा."

तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी जरा मोठ्यानं. आजी खूश! हात जोडून म्हणाल्या, "नामासुते!"

आता दुरुस्त करायची पाळी भाचीची होती.