मडके, दोरा आणि पांढरे लुगडे

आमच्या थोरल्या लेकीचे लग्न ठरले तेव्हा हुंडा, मानपान असल्या गोष्टी निघाल्याच नाहीत. व्याही आपल्याच विचाराचे. भांडण झाले ते एका मडक्यावरून. ते इथे सांगतो, कारण उद्या ते तुमच्याही घरी होऊ शकते.

झाले असे, की हॉलवाल्याने व्याह्यांना एक नवी टूम सांगितली. वधू-वरांनी एकेक पेटती मेणबत्ती घ्यायची, दोघांनी मिळून मधली मोठी मेणबत्ती लावायची आणि मग आपापली विझवायची. नाहीतर दोन रंगांची वाळू एका काचेच्या बरणीत ओतायची. म्हणजे दोन जीव एक झाले! फोटो छान येतात म्हणे. त्याचे बारा हजार वेगळे. आमचे मेव्हणे म्हणाले, "ते राहू द्या, पण गळ्यात काळे मणी नसले तर चार लोक काय म्हणतील?"

लेक म्हणाली, "एक होण्यासाठी मी माझी मेणबत्ती का विझवायची? आपल्यात आपले असे काही नाहीच का?"

आम्हा नवरा-बायकोला उत्तर देता आले नाही. आमच्या लग्नात त्रिशरण-पंचशील झाले, हार घातले, जेवणे झाली. आपल्यात एवढेच असते, असे आम्ही समजत होतो. मंगळसूत्र मात्र पतपेढीचे कर्ज काढून केले होते. ते फेडायला तीन वर्षे लागली.

लेक बौद्धाचार्यांकडे गेली. त्यांनी सांगितले, की बाबासाहेबांनी महापरिनिर्वाणाच्या तोंडावर, १९५६ च्या डिसेंबरात, एका पत्रात बौद्ध विवाहाचा विधी लिहून ठेवला आहे. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये पाटावर नवे मातीचे मडके ठेवायचे आणि ते पाण्याने काठोकाठ भरायचे. पाण्यात सुती दोरा सोडायचा आणि त्याचे एकेक टोक दोघांनी हातात धरायचे. कोणीतरी मंगलसुत्त म्हणायचे. दोघांची वस्त्रे पांढरी. बस्स.

लेक हरखून घरी आली. पण आमची ब्याऐंशी वर्षांची आजी ऐकताच उठून बसली. "मडकं? अन् वर पांढरं लुगडं? माह्या नातीचं लगन हाय का मयत?" आजोबा गेले तेव्हा, आपण बौद्ध असूनही, गावच्या भावकीने मडके फोडले होते. तो आवाज तिच्या कानातून गेलेला नाही. ती दोन दिवस नीट जेवली नाही. खरे सांगतो, आम्हीही डगमगलो. म्हातारीला कशाला दुखवा, घेऊ त्या मेणबत्त्या, असे आमचे ठरत आले होते.

तिसऱ्या दिवशी लेक आजीजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, नागपूरला दीक्षेला गेलीस तेव्हा काय नेसली होतीस?"

आजी बराच वेळ गप्प राहिली. मग सांगू लागली. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती चौदा वर्षांची होती. वर्ध्याकडच्या गावाहून सारे निघाले होते. तिच्या आईने हातातले चांदीचे गोट मोडून मायलेकींना पांढरी लुगडी घेतली होती. बाबासाहेब पांढऱ्या वस्त्रांत, माईसाहेब पांढऱ्या साडीत, आणि जिकडे पाहावे तिकडे पांढरी माणसे. त्या दिवशी कुणाला मयत आठवले नाही.

मग आजी मडक्यावर आली. गावच्या विहिरीला त्यांचे मडके टेकू देत नसत. दूर उभे राहायचे. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाहीतर रिकाम्या मडक्याने परत. एवढे सांगून ती थांबली आणि म्हणाली, "मडकं मीच भरीन."

लग्नाच्या आदल्या रात्री आम्ही मडके पाण्यात भिजवून ठेवले. कुंभाराने त्याचे ऐंशी रुपये घेतले. मांडवात आजीने थरथरत्या हातांनी ते काठोकाठ भरले. बौद्धाचार्यांनी मंगलसुत्ताचा अर्थ मराठीत सांगितला. मूर्खांची संगत नको, आई-बापांची सेवा करावी, बायको-मुलांचा सांभाळ करावा, काम निर्दोष असावे, हे उत्तम मंगल. त्यात मुहूर्त नाही, रंग नाही, शुभ-अशुभ वस्तू नाही. मंगल ते वागण्यात.

दोऱ्याचा अर्थ आम्ही आमच्यापुरता असा लावला: कुणी कुणाला दान दिले नाही, कुणी कुणाला बांधले नाही. दोघांच्या हातात आपापले टोक, आणि मध्ये पाणी एकच. काळ्या मण्यांचे काय, असे मेव्हण्यांनी पुन्हा विचारले तेव्हा जावईबापू म्हणाले, "ते तिचे ती ठरवील." तिने घातले नाहीत. चार लोक जेवून, आशीर्वाद देऊन गेले.

ज्यांच्या घरी कार्य निघाले आहे त्यांना एवढेच सांगणे, की बाहेरची टूम घेण्याआधी आपल्या घरात काय ठेवलेले आहे ते पाहा. आणि घरातली म्हातारी माणसे अडून बसली, तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना त्यांच्या आठवणी विचारा.

नमो बुद्धाय. जयभीम.