नदीपलीकडची नोकरी

दुपारचे बारा वाजण्याच्या आतच मुलाची गाडी अंगणात येऊन थांबली, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी होते. पहाटे सहाला तो सीमेकडे निघाला होता. काम झाले असते, तर पलीकडचे हॉटेल पाहून तो रात्रीच परतणार होता. इतक्या लवकर आला, त्या अर्थी नकार मिळाला, हे त्याने गाडीचे दार लावण्यापूर्वीच मला उमगले. आणि त्या क्षणी मला हायसे वाटले. आईने हे लिहिणे शोभणारे नाही. परंतु ज्यांच्या घरात दीर्घ आजाराचे माणूस आहे, अशा वाचकांसाठी ते लिहिलेच पाहिजे, असे मला वाटते.

आम्ही उभयता कॅनडातील मिसिसागा येथे मुलाकडे राहतो. मुलाने दादरच्या कॅटरिंग कॉलेजात तीन वर्षांची पदविका घेतली, मुंबईत काही वर्षे नोकरी केली आणि मग तो इकडे आला. ठाण्याचे घर आवरून आम्हीही त्याच्यामागून आलो. पुढे सर्वांनी येथील नागरिकत्व घेतले. भारताचे पारपत्र परत करताना ह्यांचे डोळे भरून आले होते. २०१९ मध्ये ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू दुबळी झाली, वाचा दोन-तीन शब्दांवर आली. ह्यांचे वजन ७८ किलो, माझे ४८. रात्री कूस बदलणे, पहाटे शौचालयात नेणे, स्नान घालणे ही सारी उचलाउचल मुलगाच करीत असे. बाकीचे सारे माझ्याकडे होते.

गेल्या वर्षी त्याचे हॉटेल विकले गेले आणि नोकरी सुटली. घराचे हप्ते सुनेच्या एकटीच्या पगारात भागेनात. सहा महिन्यांच्या शोधानंतर एका हॉटेलच्या व्यवस्थापकपदासाठी त्याला बोलावणे आले. पण ते हॉटेल होते नायगारा नदीपलीकडे, अमेरिकेतील बफेलो शहरात. आमच्या घरापासून मोटारीने दीड-दोन तासांचे अंतर, पण मध्ये दोन देशांची सीमा.

कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको ह्यांच्यातील व्यापार करारात काही ठरावीक व्यवसायांच्या लोकांना सीमेपलीकडे नोकरी करण्याची मुभा आहे. हा करार १९९४ पासून होता. १ जुलै २०२० पासून त्याची जागा नव्या कराराने घेतली, पण ही तरतूद कायम राहिली. तिला ‘टीएन’ म्हणतात. त्यासाठी त्या देशाचे नागरिकत्व लागते, नुसता कायम वास्तव्याचा परवाना चालत नाही. व्यवसायांच्या यादीत हॉटेलचा व्यवस्थापक आहे, आचारी नाही. कॅनडाच्या नागरिकाला वकिलातीत खेटे घालावे लागत नाहीत. नोकरी देणाऱ्याचे पत्र, शिक्षणाचे व अनुभवाचे पुरावे आणि शुल्क घेऊन सीमेवरच्या अधिकाऱ्यापुढे उभे राहायचे. निर्णय बहुधा तेथल्या तेथेच होतो. परवानगी एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, पुढे वाढवता येते. मात्र आपण तात्पुरते जात आहोत आणि परतणार आहोत, हे अधिकाऱ्याला पटले पाहिजे.

पहिल्या खेपेस अडले ते शिक्षणापाशी. हॉटेल व्यवस्थापनाची पदवी असेल, तर ती परदेशची असली तरी समकक्षतेच्या दाखल्यासह चालते. पदविका मात्र कॅनडातील किंवा अमेरिकेतील मान्यताप्राप्त संस्थेची, दोन वर्षांहून कमी नसलेल्या अभ्यासक्रमाची असावी लागते आणि तिच्या जोडीला तीन वर्षांचा व्यवस्थापनाचा अनुभव लागतो. मुलाने अभिमानाने दादरची पदविका पुढे केली. हॉटेलच्या पत्रातही तिचाच उल्लेख होता. वास्तविक येथे आल्यावर, रात्रपाळी करीत, त्याने एका स्थानिक महाविद्यालयात दोन वर्षांची पदविका पुन्हा घेतली होती. ‘शिकलेलेच परत शिकलो,’ असे म्हणून ते प्रमाणपत्र त्याने कधी भिंतीवरही लावले नाही. नेमके तेच हवे होते.

“पंधरा दिवसांत कागद नीट करून पुन्हा जाईन,” असे म्हणत तो जेवायला बसला. मी त्याच्या पानात आमटी वाढली आणि मनात म्हटले, देवा, ते प्रमाणपत्र सापडू नये.

त्याच आठवड्यात माझी रक्तदाबाची तपासणी होती. आकडा १६८ आणि ९६. डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवण्यापूर्वी विचारले, “रात्री किती वेळा उठता?” मी सांगितले, तीनदा, कधी चारदा. त्यांनी पुढे विचारले, “आणि तुमची काळजी कोण घेतं?” ह्या प्रश्नावर मला रडू आवरेना. मुलगा गेला तर ह्यांना उचलणार कोण, हातून पडले तर काय, ही धास्ती मी कोणाजवळ बोलले नव्हते. बोलले असते, तर मुलाने नोकरी नाकारली असती. आणि न बोलता मी त्याच्या अपयशाची वाट पाहत होते. दोन्हींत माझ्या वाट्याला अपराधाची भावनाच होती.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले की, दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनात असे विचार येतात, त्यासाठी स्वतःला दोष देऊ नये. पण ते मनात कोंडून ठेवू नयेत. त्या संध्याकाळी मी मुलासुनेला समोर बसवून सारे सांगितले. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आई, मलाही तीच भीती आहे. म्हणून तर मी तुला काही विचारलंच नाही.” ह्यांच्या खाटेपाशी गेलो, तेव्हा ह्यांनी सारे ऐकलेले होते. “जाऊ दे,” ते म्हणाले. मला वाटले, विषय सोडून द्या, असे सुचवीत आहेत. त्यांनी मान हलवली, श्वास घेतला आणि वाक्य पुरे केले, “जाऊ दे... त्याला.”

मुलाने नोकरीच्या अर्जासाठी एक धारिका केली होती. तशीच दुसरी धारिका आम्ही ह्यांच्या नावाने केली. औषधांची नावे, मात्रा आणि वेळा, डॉक्टरांचे क्रमांक, पूर्वीच्या तपासण्यांचे अहवाल, आणि ह्यांच्या वतीने उपचारांचे निर्णय कोणी घ्यावेत, ह्याचे रीतसर मुखत्यारपत्र. मुलगा पलीकडे असेल, म्हणून त्यात माझ्यासोबत सुनेचे नाव घातले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून घरपोच शुश्रूषेसाठी अर्ज केला. सकाळच्या स्नानाला मदतनीस येऊ लागली. आठवड्यातून दोन दिवस ह्यांना ज्येष्ठांच्या दिवसकेंद्रात नेण्याची सोय झाली. पहिल्या दिवशी ते रुसले. तिसऱ्या आठवड्यात तेथील कॅरमविषयी बोलू लागले.

सर्वांत मोठा उपयोग झाला तो घरी आलेल्या थेरपिस्टबाईंचा. आजवर मुलगा ह्यांना केवळ बळाने उचलीत असे. बाईंनी तंत्र शिकवले. चाकाची खुर्ची रुग्णाच्या सशक्त बाजूला, म्हणजे ह्यांच्या डाव्या हाताला, खाटेला लागून ठेवायची. चाके कुलूपबंद करायची. दोन्ही पावले जमिनीवर टेकवून रुग्णाला खाटेच्या कडेशी आणायचे. कमरेला धरण्याचा पट्टा बांधायचा. त्याला पुढे झुकवून, त्याच्याच सशक्त पायाच्या आधाराने उभे करून वळवायचे. दुबळा हात धरून कधीही ओढायचे नाही. त्याने खांदा निखळण्याची भीती असते. अर्थात हे प्रत्येक रुग्णाला साधेलच असे नाही, म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीखाली शिकावे. चार दिवसांच्या सरावानंतर मी ह्यांना एकटीने खुर्चीत बसवले. माझ्यापेक्षा ह्यांनाच अधिक नवल वाटले.

दुसऱ्या खेपेस मी मुलाबरोबर गेले. सून घरी थांबली. सीमेवरच्या दालनात मी मागच्या बाकावर बसले होते. अधिकाऱ्याने नवे पत्र वाचले, येथील पदविका पाहिली, अनुभवाच्या दाखल्यातील तारखा मोजल्या. मग विचारले, हे काम संपल्यावर परत कशासाठी जाल? मुलाने घराचा, पत्नीच्या नोकरीचा उल्लेख केला आणि म्हणाला, माझे आईवडील तिकडे आहेत, वडील आजारी आहेत, दर आठवड्याला मला घरी जायचे आहे. ज्या आजाराला मी इतके दिवस त्याच्या पायातली बेडी समजत होते, तोच आजार त्याने परत येण्याचे कारण म्हणून सांगितला, तोही काही न लपवता. थोड्या वेळाने शिक्का बसला. मला आनंद झाला, आणि पोटात खड्डाही पडला.

ह्या खटाटोपातून जे शिकले, ते थोडक्यात सांगते. मुले परदेशी नोकरीचा अर्ज करीत असतील, तर त्या परवानगीत कोणाचा समावेश होतो, हे आधीच विचारावे. टीएन घेणाऱ्याच्या पत्नीला किंवा पतीला आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलांना सोबत राहता येते, पण जोडीदाराला त्यावर नोकरी करता येत नाही. आईवडील तर त्यात मुळीच येत नाहीत. आम्ही जाऊ ते पाहुणे म्हणूनच. दुसऱ्या देशात आपला सरकारी आरोग्य विमा जवळजवळ निरुपयोगी ठरतो, म्हणून दोन दिवसांसाठी गेले तरी प्रवास विमा घ्यावा आणि जुने आजार त्यात खरेखरे नोंदवावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, शुश्रूषेची व्यवस्था मूल निघून गेल्यावर नव्हे, अर्ज करतानाच लावायला घ्यावी.

आता मुलगा रविवारी संध्याकाळी जातो आणि शुक्रवारी रात्री येतो. रात्री मी अजूनही दोनदा उठते. पण रक्तदाब आटोक्यात आहे. पहिल्या शुक्रवारी तो आला तो थेट वडिलांच्या खोलीत गेला आणि पूर्वीच्या सवयीने त्यांच्या दोन्ही बगलांत हात घालू लागला. ह्यांनी डाव्या हाताने त्याला थोपवले.

“तसं नाही,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे बोट दाखवले. “हिला... विचार.”