जिंतुराच्या वाटेवरील निंब

परभणीहून जिंतुराकडे निघालें म्हणजे झरी, बोरी हीं गांवें मागें पडेपर्यंत दोहों बाजूंस काळ्याभोर रानाशिवाय दुसरें फारसें कांहीं दिसत नाहीं. श्रावणांत कापूस आणि सोयाबीन यांच्या हिरवळींतून बांधावरची एखादी बाभूळ काय ती मान वर काढून असते. पुढें अजिंठ्याच्या रांगेच्या टेकड्या लागतात, आणि मग कोठें झाडी नजरेस पडते. जंगल असें या जिल्ह्यांत थोडेंच. म्हणून गांवांतील निंब, पिंपळ, चिंच यांचें मोल येथें अधिक.

आम्ही ज्या गृहस्थांकडे उतरलों होतों, त्यांच्या अंगणांतील निंबावर मात्र कुऱ्हाडीचें संकट ओढवलें होतें. आरोप असा, कीं त्याच्यामुळें नभोवाणी नीट ऐकूं येत नाहीं, आणि पाऊस लागला म्हणजे गच्चीवरील तबकडी मुकी होते. निंब आजोबांच्या वडिलांनीं लाविलेला. “याच्याच सावलींत बसून आम्ही परभणी केंद्र ऐकत असूं. तेव्हां हा आड आला नाहीं, तो आतांच कसा येतो?” असें ते विचारीत होते. प्रश्न आम्हांस रास्त वाटला.

उत्तर लहरीच्या लांबींत आहे. परभणी केंद्र लोकांनीं वर्षानुवर्षें ऐकलें तें 1305 किलोहर्ट्झच्या मध्यम लहरीवर. ती लहर सुमारें 230 मीटर लांब. तिला अंगणांतला निंब म्हणजे हत्तीच्या वाटेंतील गवताची काडी! शिवाय ती जमिनीस धरून चालते, आणि ओल धरणारी काळी चिकण माती तिला मानवते. एफ. एम.ची लहर मात्र 3 मीटरांच्या आसपास, मोबाइलची वीत-दीड वीत, आणि तबकडीकडे येणारी तर अडीच सेंटिमीटर, म्हणजे निंबाच्या पानाहूनहि आंखूड. लहर जितकी आंखूड, तितकीं खोड, फांद्या व पानें तिला अडवितात आणि इतस्ततः विखुरतात. पानांत पाणी पुष्कळ असतें, व पाणी अशा लहरींची शक्ति शोषून घेतें; पानें पावसानें भिजलीं म्हणजे विचारावयासच नको. फाल्गुनांत निंब झडला कीं खरखर कमी होते, हें घरच्या सूनबाईंनीं आपल्या आपण हेरलें होतें. मात्र मुसळधार पाऊस स्वतःच तबकडीच्या लहरींस अडवितो. तें पाप निंबाच्या माथीं मारणें अन्यायाचें होय.

दाट अरण्यांत तर लहरींची गंमत याहून निराळी. थिओडोर तमीर या शास्त्रज्ञांनीं 1967 सालीं दाखविलें, कीं तेथें कांहीं लहरी झाडींतून वर चढतात, शेंड्यांवरून सरकत जातात आणि ऐकणाऱ्यापाशीं पुन्हां खालीं उतरतात. झाड हें नभोवाणीचें वैरीच असतें असेंहि नाहीं. अमेरिकन सैन्यांतील जॉर्ज स्क्वायर यांनीं 1904 सालीं कॅलिफोर्नियांत जिवंत झाडास खिळा ठोकून, त्यास तार जोडून, झाडाचाच एरिअल केला होता. तो प्रयोग करून पाहण्याची आम्हांस फार इच्छा होती. परंतु निंबाला खिळा ठोकूं देण्यास आजोबा राजी झाले नाहींत.

मग तबकडीकडे वळलों. ती डीडी फ्री डिशची. तिच्यावर आकाशवाणीच्याहि वाहिन्या ऐकूं येतात. तिचा उपग्रह जिंतुराकडून पाहतां आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें 60 अंश वर असतो. म्हणजे झाडाची कड तबकडीहून 20 फूट उंच असली, तरी तबकडी त्या कडेपासून 12 फूट दूर ठेविली कीं वाट मोकळी. येथें निंब नेमका आग्नेयेस, आणि तबकडी त्याच्या फांद्यांना जवळजवळ टेकलेली! गच्चीचा वायव्य कोपरा रिकामा होता. तासाभराचें काम, एक पाना आणि थोडी लांब तार एवढ्यानें तें भागलें. एफ. एम.चें यंत्रहि माजघरांतून काढून वरच्या खिडकींत ठेविलें. खरखर पुरती गेली नाहीं, पण शब्द स्पष्ट झाले.

आमच्या मतें कुऱ्हाड हातीं घेण्यापूर्वीं तबकडी कोणत्या दिशेस पाहते, एवढें तरी पाहून घ्यावें. दुसऱ्या दिवशीं येलदरीचें धरण पाहण्यास आम्ही निघालों, तेव्हां शेजारचे दोघे जण आपापल्या गच्चीवर उभे राहून हाताच्या वितींनीं चिंचेचें अंतर मोजीत होते.